रोज एक पुडी, दुधातून

पुणे, ११ नोव्हेंबर २०२४

सौ. सुनीतावहिनीस
सा. न. वि. वि.

यापुढे फोनवर बोलणार नाही, जे काय असेल ते लेखी कळवा, असा निरोप तू दादाकरवी दिलास. ठीक आहे. पोस्टाचं तिकीट मिळवायला अर्धं पुणं पालथं घातलं, पण लेखी कळवते.

दिवाळीत मी आईचं रक्त तपासून घेतलं ते तुला आवडलं नाही. लॅबच्या माणसाला तू दारातच ‘किसने बुलाया’ म्हणून विचारलंस, तेही मला कळलं. आता रिपोर्ट आला आहे. आईचं व्हिटॅमिन डी अकरा आहे. निदान तीस तरी हवं. बाबांचं आठ होतं, आठवत असेल. बाबांना जाऊन साडेतीन वर्षं झाली आणि तुमच्या घरातले पडदे अजून तेच आहेत, म्हणून आठवण करून दिली.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते, तरी तुला कळेल असं लिहिते. विषाणू छातीत शिरला की त्याच्याशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींना व्हिटॅमिन डी मिळालं, तर त्या विषाणूला मारणारी प्रथिनं तयार करतात. आणि लढाई हाताबाहेर जाऊन स्वतःचंच फुप्फुस जळायला लागलं, तर लगामही तेच घालतं. बाबांच्या शरीरात तो लगाम नव्हता. तो विषाणू त्या वर्षी घरोघरी गेला होता, वहिनी. कितीतरी लोक वाचले. बाबा विषाणूने गेले नाहीत, अंधारात गेले. तो अंधार कोणी केला होता ते मी लिहीत नाही.

सोबत कुरिअरने साठ हजार युनिटच्या पुड्या पाठवल्या आहेत. आईला रोज एक, जेवणानंतर कोमट दुधातून. केमिस्ट किंवा तुमचे गल्लीतले डॉक्टर आठवड्यातून एक म्हणतील. त्यांनी पदवी घेतल्यावर काही वाचलेलं नसतं. अलीकडचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की, ज्यांना मध्येच कधीतरी एकदम मोठा डोस दिला त्यांना सर्दी-खोकला-न्यूमोनियापासून काही संरक्षण मिळालं नाही. ज्यांना रोज दिलं, त्यांना मिळालं. रोज हा शब्द महत्त्वाचा आहे.

आणि एक. या थंडीत आईची छाती भरली, तर जानेवारीत मी गाडी घेऊन येणार आणि तिला पुण्याला आणणार. कायमची. दादाशी बोलले आहे. तो ‘बघू’ म्हणाला, म्हणजे हो.

इरावती


छत्रीबाग, इंदूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. इरावन्सं यांस
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुड्याही मिळाल्या. खोका बघून कुरिअरवाला म्हणाला, “भाभीजी, दुकान खोल रहे हो क्या?” मी म्हटलं, नाही भिया, माझ्या नणंदेला आईची फार काळजी आहे, ती खोक्यात भरून येते.

पडद्यांचं असं आहे की ते आईंनी निवडलेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना उजेड झोंबतो. ओट्यावर पूर्वी ऊन यायचं, ते समोरच्यांनी दोन मजले चढवल्यापासून बंद झालं. ते मजले मी चढवलेले नाहीत. पण तुमच्या मनात आलंच, तर तेही माझ्या नावावर टाका.

बाबा अंधारात गेले, हे वाक्य मला फार आवडलं. कॉलेजात पोरांना ऐकवत असाल. फक्त त्यात एक गोष्ट राहून गेली, ती मी भरते. त्या वर्षी सगळं गाव दारं लावून बसलेलं असताना गुढीपाडव्याला पुण्याहून गाडी करून कोण आलं होतं? ‘अ‍ॅलर्जी आहे, पुण्यात धूळ फार’ असं खोकत खोकत सांगत बाबांच्या पलंगावर कोण बसलं होतं? श्रीखंड कोणी भरवलं, आणि त्याच चमच्याने स्वतः कोणी चाखलं? तेव्हा तुमचं स्वतःचं डी किती होतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. भरपूर होतं तर खोकला कशाचा? आणि नव्हतं, तर आम्हाला शिकवायला कोणतं तोंड घेऊन येता? मी आपलं विचारलं. बारावी झालेली बाई, मला त्यातलं काय कळतं.

तुम्ही नेणार आहात हे आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिच्या चौदाव्या मजल्यावर मी काय कबुतरांशी बोलू?” त्यांना इथून हलायचं नाही, वन्सं. सकाळी ओट्यावर बसायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘क्यों भिया, कहाँ चले’ विचारायचं, आणि तो सांगायला लागला की दुसरीकडे बघायचं, एवढीच त्यांची ऐश आहे. ती तुम्ही काढून घेणार, का तर एक शिंक आली म्हणून.

तेव्हा शिंक येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. आता पुडीचं. पाकिटावर छापलं आहे, आठवड्यातून एक. आमचे गल्लीतले डॉक्टरही तेच म्हणाले, पण ते पडले गल्लीतले. तुम्ही रोज म्हणता. नक्की रोज ना? सहीनिशी कळवा. तुम्ही म्हणाल तसं मी तंतोतंत करीन. सुनेमुळे कमी पडलं, हे मला या जन्मात दुसऱ्यांदा ऐकायचं नाही.

सुनीता


पुणे, २८ नोव्हेंबर २०२४

सौ. वहिनी,

पाडव्याचा विषय तू काढणार हे मला माहीत होतं. इंदूरहून परतल्यावर मी टेस्ट केली होती, ती निगेटिव्ह होती. ती परतल्यावर किती दिवसांनी केली, असं तू पुढच्या पत्रात विचारशील. विचारू नकोस. बाबांच्या घरी रोज दूधवाला येत होता, भाजीवाला येत होता, दादा बाजारात जात होता. विषाणू कोणाकडून आला याला शास्त्रात अर्थ नसतो. आल्यावर शरीरात काय होतं, याला असतो.

बारावी झालेल्या बाईने प्रश्न विचारू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. उत्तर कळेल अशी अपेक्षा तेवढी ठेवू नये.

तुला सही हवी आहे. घे. रोज एक. पाकिटावरचा मजकूर कंपन्या घाबरून छापतात. मी रोज म्हणते आहे आणि जबाबदारी माझी आहे.

इरावती दळवी-सबनीस, पीएच.डी.


छत्रीबाग, १४ डिसेंबर २०२४

चि. सौ. वन्सं,
अनेक आशीर्वाद.

पदवीसकट सही मिळाली. देवघरात ठेवली आहे.

पुडी रोज चालू आहे. एक दिवस चुकलेला नाही. पेल्याच्या तळाशी थोडी राहते, तीही मी चमच्याने खरवडून देते. तुम्ही इथे असता तर कौतुक केलं असतंत. म्हणजे केलं नसतंत, पण बघितलं तरी असतंत.

आईंचं विचाराल तर सर्दी नाही, खोकला नाही. छाती एकदम साफ. बाकी थोडं फार चालू असतं, म्हातारं माणूस आहे. पोट साफ होत नाही. तहान फार लागते, भरलेला माठ दुपारी आडवा होतो, आणि मग सारखं बाथरूमला. खाण्यावरची वासना गेली. सकाळी पोहे पुढे केले तर वास नको म्हणाल्या. ज्या बाईने सेव कमी घातली म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता, तिला पोह्यांचा वास नको. दोनदा ओकारी झाली. ओट्यावर जात नाहीत, पाय दुखतात म्हणतात. परवा मला ‘कमल’ म्हणून हाक मारली. कमल कोण, हे तुमच्या दादांनाही माहीत नाही.

दुधाला ‘नको नको’ म्हणतात. पण तुमची सही आहे म्हटल्यावर पितात.

हे सगळं मी फक्त कळवते आहे. अर्थ लावणं तुमचं काम. तुम्ही म्हणाल तर डॉक्टरांना दाखवते. नाही म्हणाल तर नाही.

सुनीता


पुणे, २१ डिसेंबर २०२४

वहिनी,

पत्र वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. रोज मैदा आणि सेव खाणाऱ्या माणसाचं पोट कसं साफ होईल? थंडीत पाणी पितेय हे चांगलंच आहे, उलट तू आजवर तिला पुरेसं देत नव्हतीस असं दिसतं. अन्नावरची वासना उदासपणामुळे जाते. तिच्याशी त्या घरात कोण बोलतं? तू फक्त टोमणे मारतेस आणि दादा पेपर वाचतो. तिला माझी आठवण येते आहे, हे इतकं उघड आहे की मला लिहायलाही लाज वाटते.

कमल ही आईची शाळेतली मैत्रीण. लहानपणीच गेली. आई तुझ्यात तिला पाहते, म्हणजे हा स्मृतिभ्रंश आहे. मी इथल्या एका क्लिनिकमध्ये नाव घातलं आहे, एकवीस जानेवारीनंतरची वेळ मिळेल. छाती भरो न भरो, मी तिला नेणार. तुझ्याकडून हे सांभाळलं जाणार नाही.

तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. ते आधी पुडी बंद करतील, कारण त्यांना तेवढंच येतं, आणि ऐन थंडीत ती उघडी पडेल. डोस चालू ठेव.

इरावती


छत्रीबाग, बहुतेक २७ डिसेंबर

चि. इरूस
अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो म्हणून अक्षर असं आलं आहे. तू लहान असताना अक्षरावरून मी तुला बोलत असे, आता तू बोल.

पुडी बंद कर म्हणून लिहिते आहे. तोंडात लोखंड ठेवल्यासारखी चव येते. पोटात दगड बसला आहे. सुनीताला म्हटलं, नको देऊस बाई. ती म्हणाली, “मी बंद केली आणि उद्या काही झालं, तर वन्सं म्हणतील सुनेने मारलं. त्यांना लेखी विचारा.” म्हणून लेखी विचारते आहे. तुझ्या दादाला, सुजयला म्हटलं, तर तो म्हणाला, तुम्ही तिघी मिळून ठरवा.

मी पीत नाही म्हटलं की ती तुला लिहिणार, मग तू तिला लिहिणार. त्यापेक्षा पिते.

काल ओट्यावर गेले होते. परत आत कसं यायचं ते आठवेना. दार दिसत होतं, पण ते आपलं आहे का ते कळेना. शेजारची देशपांडीण हात धरून घेऊन आली.

सर्दी झाली तर होऊ दे. सर्दी मला माहीत आहे. हे काय आहे ते माहीत नाही.

मला पुण्याला यायचं नाही, ते वेगळं. त्याचा राग यात धरू नकोस. पुडी बंद कर म्हणून लिहिते आहे.

आई


पुणे, ५ जानेवारी २०२५

वहिनी,

आईच्या नावाने पत्र लिहिण्याइतकी तू खाली जाशील असं वाटलं नव्हतं.

अक्षर मुद्दाम वाकडं काढलं आहेस, ते ठीक. पण मजकूर तुझा आहे. ‘पुडी बंद कर’ आणि ‘मला पुण्याला यायचं नाही’, नेमक्या तुला हव्या त्या दोन गोष्टी आईला त्याच दिवशी सुचल्या? आणि वर तूच मला सांगतेस की ती माणसं ओळखत नाही. जी बाई स्वतःचं दार ओळखत नाही ती पत्ता लिहून पत्र पोस्टात टाकते? एक खोटं नीट धरून ठेवायला शीक.

टीव्हीवर नव्या विषाणूच्या बातम्या तू बघत असशीलच. फुप्फुसाचाच आहे, म्हाताऱ्यांनाच धरतो. अशा वेळी पुडी बंद करा म्हणणारा माणूस आईचा हितचिंतक असू शकत नाही. रोज एक. चुकवलीस तर मला कळेल, मी आल्यावर परत रक्त तपासणार आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा वीस तारखेला संपतात. एकवीसला येते. आईची बॅग भरून ठेव.

इरावती


इंदूर, १७ जानेवारी २०२५

चि. सौ. इरावन्सं,

तुमच्या दादांनी फोनवर ‘आई अ‍ॅडमिट आहे, घाबरू नको’ एवढंच सांगितलं असणार, कारण त्यांना पुढचं वाक्य येत नाही. ते मी लिहिते.

तुमचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई उठल्याच नाहीत. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. राऊच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांना आधी मेंदूत काही झालं असं वाटलं. मग रक्त आलं. कॅल्शियम चौदाच्या पुढे. किडन्या अर्ध्या बसल्या होत्या. व्हिटॅमिन डी इतकं, की मशीनने आकडाच दिला नाही, नुसतं ‘याहून जास्त’ असं छापलं. अकरावरून तिथपर्यंत आपण दोघींनी मिळून आणलं. आपण मिळून केलेलं हे बहुधा पहिलंच काम.

डॉक्टरांनी विचारलं, क्या दे रहे थे. मी पुडीचं पाकीट दाखवलं, तुमचं पहिलं पत्र दाखवलं आणि सहीची चिठ्ठीही दाखवली. त्यांनी सगळं वाचलं.

“पॅकेट पर लिखा है हफ्ते में एक. आपने पढ़ा नहीं?”

“पढ़ा था,” मी म्हटलं.

“फिर?”

“ननदजी पीएचडी हैं.”

त्यांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले की ज्या अभ्यासाची ही बाई गोष्ट करते, तो त्यांनीही वाचला आहे. त्यात रोज द्यायचे ते एवढंसं द्यायचे, की असली एक पुडी माणसाला दोन महिने पुरली असती. फायदा झाला तोही चिमूटभर, आणि नंतरच्या अभ्यासांत तोही दिसला नाही. तुम्ही ‘रोज’ एका कागदावरून घेतलंत आणि पुडी दुसऱ्या कागदावरून. एवढं शिकलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, वन्सं. मला सुचलं नसतं.

आता सलाईन चालू आहे. कॅल्शियम उतरतंय. कालपासून आई नीट बोलतात. तारीख बरोबर सांगतात, आयाबाईचं गाव कुठलं, तिची सून कशी, सगळं त्यांना पाठ आहे. डॉक्टरांशी थट्टा करतात. आणि मी समोर गेले की विचारतात, “आपण कोण? कोणाकडे आलात?”

मला. अठ्ठावीस वर्षं हातचं खाऊन मला. हे कॅल्शियमचं आहे का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बाकी सब तो क्लियर है. तुमच्या डोसाने मेंदूचा नेमका तेवढाच तुकडा गेला. चला, या आता. भरून न्या.

सुनीता


पुणे, २६ जानेवारी २०२५

वहिनी,

मी परत आले आहे हे तुला माहीत आहे, आणि एकटीच निघाले हेही तू गॅलरीतून बघितलंस. हात हलवलास, तो मी पाहिला.

तू वाचलं होतंस. डॉक्टरांसमोर तू मान वर करून सांगितलंस की वाचलं होतं. म्हणजे आई सुकत चालली आहे, हे दिसत असताना तू रोज पेला खरवडत होतीस. मी चूक केली असेल. तू चूक केलेली नाहीस, तू वाट पाहत होतीस.

मला वाटलं होतं, निदान मला पाहून तिला काही आठवेल. मी तिच्या पोटची आहे. पलंगावर बसले, हात हातात घेतला. तिने सोडवून घेतला आणि म्हणाली, “बाळ, तुमचं पेशंट बहुतेक पलीकडच्या खोलीत आहे.” इतक्या गोड आवाजात. दादाला तिने विचारलं, तुम्ही औषधवाले का. तो ‘नाही’ म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आणि हातोदहून मंगलामावशी आली, तिला मात्र दारातच हाक मारली, आणि वर म्हणाली, किती जाड झालीस गं.

ही निव्वळ कॅल्शियमची गोष्ट नाही. मेंदूचा एमआरआय झालाच पाहिजे, पैसे मी देते. आणि माझ्या येण्याआधी तू तिच्या कानात काय भरलं होतंस, तेही मला कळलं पाहिजे.

इरावती


छत्रीबाग, ६ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

एमआरआय झाला. त्यात काही नाही. वयाच्या मानाने मेंदू अच्छा खासा आहे, असं लिहून दिलं आहे.

मी कानात काय भरणार? मला त्या ‘ताई’ म्हणतात. जेवण नेलं तर ‘कष्ट कशाला घेतलेत’ म्हणतात. सासूने या जन्मात मला इतक्या मानाने कधी वागवलं नव्हतं. मला ते बघवत नाही.

काल डिस्चार्ज होता. तुमच्या दादांनी गाडी दाराशी लावली. आई म्हणाल्या, अनोळखी माणसांच्या गाडीत मी बसत नाही. भर पोर्चमध्ये. सिक्युरिटीवाला आमच्याकडे बघायला लागला. तेवढ्यात मंगलामावशींचा जावई जीप घेऊन आला होता, त्यात चढून बसल्या. खिडकीतून मला नमस्कार केला. हातोदला गेल्या.

पुण्याला तर नाहीच गेल्या. पण मला त्याचा आनंद कसा तो होत नाही. ओट्यावरून जाणारे विचारतात, माताजी कहाँ हैं. मी काय सांगू?

सुनीता


हातोद, १ मार्च २०२५

सौ. सुनीता आणि सौ. इरू, दोघींस आशीर्वाद.

एकच पत्र दोघींना पाठवते आहे. मंगलाच्या नातसुनेने झेरॉक्स काढून आणली. अस्सल कोणाकडे आलं आणि नक्कल कोणाकडे, ते मी बघितलेलं नाही, तेव्हा त्यावरून सुरू होऊ नका.

तब्येत बरी आहे. दूध, दही बंद. ऊनसुद्धा मना केलंय. अंगात साठलेलं उतरायला अजून काही महिने लागतील म्हणाले. सगळं हातोद उन्हात बसलेलं असतं आणि मी एकटी सावलीत. किडन्या काही पहिल्यासारख्या होणार नाहीत, जेवढ्या राहिल्यात तेवढ्यात भागवायचं आहे.

इथे आल्यावर सर्दी झाली. आधी मंगलाला, मग मला. नाक गळलं, ताप आला, दोघी रजया घेऊन पडून राहिलो. गेली.

इरू, तू त्या मशीनमध्ये घालायला लावलंस. आत ठकठक आवाज होतो आणि हलायचं नसतं. मी आपली नावं म्हणून पाहिली. तुझं, सुनीताचं, सुजयचं, त्यांचं. सगळी होती. पहिल्या दिवसापासून होती.

मला नीट शुद्ध आली तेव्हा सुनीता समोर बसली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आई, मला ओळखलंत ना? वन्संना कळवते, आधी मला ओळखलंत म्हणून.” तेव्हा मी विचारलं, आपण कोण. मग तू आलीस. हात धरून म्हणालीस, “आई, मला तरी ओळख.” मला तरी. म्हणजे जिला ओळखीन तिची मी. ती मला उचलून गाडीत घालणार आणि दुसरीला पत्र लिहिणार. म्हणून तुलाही ओळखलं नाही. सुजयचं मला वाईट वाटलं. पण त्याला ओळखलं असतं तर तो ‘बघू’ म्हणाला असता, आणि पुन्हा तुम्ही दोघींनीच बघितलं असतं.

यांच्या जाण्याचं. तुमच्यातली एक म्हणते पडद्याने गेले, एक म्हणते श्रीखंडाने गेले. चार वर्षं ते माझ्यासमोर बोलता, जणू मी खुर्ची आहे. माझा नवरा होता तो. इरू, तुझ्याकडून आलं नाही, असं तुला माझ्या तोंडून ऐकायचं आहे. त्यासाठी तू एवढा खोका पाठवलास. मी ते म्हणणार नाही, मला माहीत नाही. सुनीता, तिच्याकडूनच आलं असं तुला ऐकायचं आहे. तेही म्हणणार नाही.

आणि सुनीता, पाकिटावरचं मलाही वाचता येत होतं. चष्मा डोळ्यावरच असायचा. तू पुडी फाडण्याआधी रोज त्या ओळीवरून नजर फिरवायचीस, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायची. एखाद्या दिवशी थांबेल, असं वाटायचं. मग तू चमचा फिरवायला लागायचीस.

मंगलाने मागची खोली दिली आहे. इथे ओटा नाही, पण जाळीतून रस्ता दिसतो. माझे कपडे आणि यांचा फोटो सुजयबरोबर पाठवून द्या. त्याला एकट्याला पाठवा.

तुम्हाला भेटायला यायचं असेल तर अक्षय्य तृतीया होऊन जाऊ दे. वेगवेगळ्या दिवशी या. ओळखायचं की नाही, ते मी तुम्ही आलात की ठरवीन.

इंदिराबाई दळवी